गोदीच्या तळाशी बसलेली आक्का

पाणी उपसलेल्या गोदीत उतरून जहाजाच्या पोटाला चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडण्यात आक्काचा जन्म गेला. पटाशी तिरकी, मनगट ताठ, रंगाला ओरखडा नाही. खाली ताडपत्री. पडलेलं सगळं पोत्यांत भरून वर चुन्याच्या खड्ड्यात टाकायचं, मगच गोदीत समुद्राचं पाणी घ्यायचं. परमुलखातला जीव इथल्या पाण्यात सुटला की इथल्यांच्याच उरावर बसतो. खाडीच्या तोंडाशी तो बसलाच होता. आक्काची धाकटी बहीण तिथे शिंपल्या वेचायची. अर्धा खडक परक्या पट्टेरी शिंपल्यांनी गिळला होता. त्या ना विकायच्या, ना खायच्या, वर तळपाय फाडायच्या. उरलेल्या अर्ध्यावर तिचं घर चाललं होतं.

त्या दिवशी खरवडून झालं आणि मुकादमाने वरून हाक दिली, "चला वर. याच भरतीला जहाज काढायचंय."

"आणि हा ढीग?"

"पाणी नेईल की. समुद्राचं समुद्राला."

"घरचा केरही असाच शेजाऱ्याच्या दारात लोटता का?"

"आक्का, तोंड कमी चालवा."

"पोती टाका, हात चालवते."

बाकीचे मुकाट शिडी चढले. आक्काने ढिगाशेजारी बसकण मारली. तळाशी माणूस असताना पाण्याची झडप उघडायची नाही, हा गोदीचा कायदा. झडपेवर होता तिचा दीर.

"तुझ्या वहिनीला वर बोलाव," मुकादम त्याच्यावर खेकसला.

"घरात कधी माझं ऐकलं नाही, इथे ऐकेल?" दिराने हात खिशात घातले.

"आक्का, उद्यापासून फाटकात पाय ठेवायचा नाही."

"उद्याचं उद्या. आधी पोती."

भरती चढत होती. जहाजाचा कप्तान घड्याळ दाखवू लागला. शेवटी पोती खाली पडली, मागून माणसं उतरली. मुकादमही उतरला, आणि पहिल्याच पोत्याला अर्ध्या शिडीवर धापा टाकू लागला.

"छातीशी नको, खांद्यावर घ्या," आक्का म्हणाली. पाणी वाहून नेणाऱ्या तळातल्या नाल्याची जाळी झाडल्यावरच ती वर आली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला खरंच अडवलं. काम टाळणारे आत, काम पुरं करणारी बाहेर. ती तिथेच उभी राहिली. मुकादम आल्यावर तिने विचारलं, "पुढच्या जहाजाखाली ताडपत्री कोण अंथरणार?"

तो खांदा चोळत आत गेला. त्या भरतीपुरता बहिणीचा खडक वाचला होता. पुढच्या भरतीचं विचारायला आता तळाशी कुणी नव्हतं.