पाटीवरचं आडनाव

माझ्या पहिल्या कामाच्या पाटीवर त्यांनी शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला.

दोंडाईचाला अक्कांच्या प्लॉटवर भूमिपूजन होतं. मी सकाळी लवकर जाऊन पत्र्याची पाटी दोन बल्ल्यांवर ठोकून आलो होतो. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. माझं नाव, आडनाव, खाली ‘बांधकाम व्यावसायिक’. नारळ, हार आणायला बाजारात गेलो आणि परत आलो तर पाटी गायब. तिच्या जागी फ्लेक्सवर आबा, माझे जुने मालक. हात जोडलेले, डोक्याला फेटा. शेजारी त्यांचा मुलगा निलेश, काळा गॉगल लावून. वर लिहिलेलं : ‘दोंडाईचा नगरीत सहर्ष स्वागत’. कुणाचं स्वागत, ते लिहिलं नव्हतं. स्वतःचंच असावं.

फ्लेक्सच्या खालून माझ्या पाटीची एक कड दिसत होती. बोटभर निळी.

अक्कांचे भाऊ नाना मंडपात खुर्च्या मांडून घेत होते. धान्याचे व्यापारी. मी विचारलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

“पाटी ठीक शे. पन आठे आडनाव कसाले लिखं? लोके वाचतस ना.”

पाटी लोकांनी वाचावी म्हणूनच लावतात, असं माझं मत होतं. ते मी सांगितलं नाही. आमच्या आडनावावरून वस्ती कळते. वस्तीवरून बाकीचं सगळं.

ही अडचण मला पेंटरनंही सांगितली होती. मित्रांनी सांगितली होती. धंद्याला देवाचं नाव दे, म्हणाले. साई दे, गणेश दे, काहीच नाही तर ‘श्री’ दे. धुळ्यातल्या पाट्या वाचत हिंडलं तर वाटेल, सगळी बांधकामं देवच करतात. त्यांना आडनाव नसतं, ही त्यांची मोठी सोय आहे.

आबा धुळ्यातले बिल्डर. माझे बाबा जन्मभर त्यांच्याकडे गवंडी होते. आबांच्या बंगल्याचा जिना बाबांनी केलेला. घर पुरं झालं की वास्तुशांतीला बाबांना टॉवेल, टोपी, नारळ मिळे. आमच्या घरात टॉवेल कधी विकत घ्यावा लागला नाही. पाहुणे नव्या घरात फिरत, भिंतीवरून हात फिरवत आणि विचारत, कुणी बांधलं हो? आबा म्हणत, “आम्ही.”

बाबा दाराशी उभे राहून हसत. त्यांना वाटे, त्या ‘आम्ही’त आपण आहोत.

मी वाचनालयात वाढलेला मुलगा. व्याकरण मला शाळेत कुणी गोडीनं शिकवलं नाही, पण पुढे कळलं की मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. पुष्कळ भाषांना ही सोय नाही. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत येतो. ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. आबा ‘आपण’ कधीच म्हणाले नाहीत. भाषेचं भान त्यांना चांगलं होतं.

निलेश माझ्या वयाचा. लहानपणी आम्ही एकाच वाळूच्या ढिगावर खेळलो. डिप्लोमाही दोघांनी धुळ्यातच केला, एकाच वर्गात. मग तो पुण्याला जाऊन आला आणि संचालक झाला. मी कुठे न जाता आबांकडेच सुपरवायझर झालो.

मला त्याचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द जरा नीटनेटका आहे. मी जळायचो. त्याच्या गाडीसाठी नाही, असं मी स्वतःला सांगत असे. खोटं आहे. गाडीसाठीही. साइटवर उशिरा येण्याच्या त्याच्या पद्धतीसाठी. तो आला की कुणीतरी खुर्ची पुसायचं, त्या फडक्यासाठी. आणि सगळ्यात जास्त त्याच्या चुकांसाठी. जिन्याच्या मापात निलेशची चूक झाली की आबा म्हणत, “शिकी राहिना पोऱ्या.” माझी झाली की कुणी काही म्हणत नसे. सगळे फक्त एकमेकांकडे बघत. त्याच्या चुकीला वय होतं. माझ्या चुकीला जात होती.

तो गिऱ्हाइकाशी पुण्याचं मराठी बोले, बँकेत इंग्रजी आणि आमच्याशी अहिराणी. आपुलकी दाखवायची असली की तो माझ्या खांद्यावर हात टाकून सांगे, “हाऊ आमना मिस्तरीना पोऱ्या शे.” ‘आमना’ म्हणजे आमचा. म्हशीलाही आमचीच म्हणतात, तेही प्रेमानंच.

अक्का धुळ्याला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या क्वार्टरच्या दुरुस्तीवर मी होतो, तिथे ओळख झाली. निवृत्त झाल्यावर म्हणाल्या, “गावी घर बांधायचंय. तू नोकरी सोडत असशील तर तूच बांध.” मी सोडली. आबा हसले. निलेश हसला नाही. त्यानं नानांना फोन केला. हे मला फ्लेक्स बघितल्यावर कळलं.

गाडी आली. निलेश उतरला. नानांनी हार घातला. त्यानं तोच हात माझ्या खांद्यावर टाकला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, “हाऊ आमना मिस्तरीना पोऱ्या शे. काळजी करू नका. बठ्ठं काम आमनीच देखरेखमा व्हई.”

लोकांचे चेहरे सैल झाले. माझ्या देखत. मघापासून ते माझ्याकडे बघत होते तेव्हा त्यांच्या कपाळावर काहीतरी होतं, ते गेलं.

पूजेची कुदळ पाटावर होती. नवी कोरी, हळदकुंकू लावलेली. अशा कुदळीची मातीशी तोंडओळख असते, एवढंच. नानांनी ती उचलून निलेशच्या हातात दिली. मग तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, पुण्याच्या मराठीत :

“भावा, काम तूच कर. घर तुझंच. पाटी फक्त आमची राहू दे. तुझाच फायदा आहे. पुढची कामंही मिळतील.”

वाईट एवढंच, की तो मनापासून बोलत होता.

आणि त्याहून वाईट, की मला ते आवडलं. क्षणभर. आबांची पाटी. खुर्ची पुसणारं फडकं. ‘आम्ही’ म्हणायची मुभा. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं जळत होतो ते हा माणूस मला उभ्या उभ्या देत होता. मला डोळ्यांसमोर दिसलं : मी एका नव्या घराच्या दिवाणखान्यात उभा आहे, पाहुणे विचारताहेत, मी सांगतोय, “आम्ही बांधलं.” आणि दाराशी कुणाचा तरी बाप हसतोय.

तेव्हा कळलं. मला आबांचा माज मोडायचा नव्हता. मला तो हवा होता. माझ्या मापाचा शिवून.

मी बल्ल्यांपाशी गेलो आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो.

“अरे, येडा व्हयना का?” नाना ओरडले. “आबाना फोटो शे तो!”

“घडी घालतोय, नाना. चुरगळणार नाही.”

“मुहूर्त टळी राहिना!”

“टळू द्या. घर माझ्या पाटीखाली बांधलं जाईल. नाहीतर मी बांधणार नाही.”

भटजी घड्याळाकडे बघत राहिले. निलेशच्या हातात ती कुदळ तशीच. मी आबांच्या चेहऱ्यावरून मधोमध घडी पाडली, मग आणखी एक, आणि फ्लेक्स गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पाटी उघडी झाली. लोकांनी ती वाचली. कपाळावरचं ते काहीतरी परत आलं.

मी अक्कांकडे बघितलं. त्या नारळाची शेंडी सारखी करत होत्या. बराच वेळ सारखी करत होत्या.

“नाना म्हणे ते ऐक रे भाऊ,” त्या शेवटी म्हणाल्या. “मले आठेच राहनं शे.” इथे राहायचं त्यांना होतं, मला नाही.

मी पाटी उपटली आणि खांद्यावर घेऊन बसस्टँडवर आलो. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही. तेवढं एक सौजन्य त्या दिवशी झालं.

अक्कांचं घर आबांनी बांधलं. वाईट झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. चांगलं झालं आहे. नकाशा माझाच वापरला. मी काढलेल्या ओट्यावर संध्याकाळी नाना बसलेले असतात. त्या रस्त्यानं गेलो की पोटात अजून तसंच पेटतं. मी ते विझवत नाही. फक्त आता कशावर जळायचं ते निवडतो. निलेशच्या खुर्चीवर नाही. आपलं नाव न लपवता, कुणालाही न विचारता पाटी लावता येते, त्या निर्धास्तपणावर. तो मला हवा आहे. एकट्याला नको.

सध्या धुळ्यात एका रिक्षावाल्याच्या घरावर दोन खोल्या चढवतोय. त्यानंही आधी खाकरत विचारलं, “पाटी मागल्या बाजूला लावली तर?” मी म्हणालो, मग काम दुसऱ्याला द्या. तो घरात गेला, बायकोशी बोलला, परत आला आणि पुढे लाव म्हणाला. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्याला दिलं होतं. पुढचाही कदाचित देईल. देऊ दे.

पाटी आता मोठी केली आहे. माझ्या नावाखाली गवंड्याचं नाव असतं, सुताराचं असतं, पाणी मारणाऱ्या बाईचं असतं. सगळी आडनावासकट. पेंटर कुरकुरतो, जागा पुरत नाही म्हणतो. मी पत्रा वाढवून देतो.

माझं आडनाव इथे लिहीत नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं साइटवर यावं. पाटी रस्त्याकडे तोंड करून असते. ती ज्या दिवशी कुणी झाकेल, त्या दिवशी तिथलं काम बंद.