तुमी बघा, मला सांगा

"तुमी बघा, मला सांगा," असं म्हणून तात्या गाडीचं ऑइल मोजायची पट्टी माझ्या तोंडासमोर धरायचे आणि स्वतः खुशाल समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहायचे.

पौडात मी भाड्याने राहायला आले तेव्हा शेजारी ते आणि काकू राहत. मी घाटापलीकडच्या वाडीवर शिक्षिका, आणि माझी जुनी गाडी माझ्याहून जास्त कुरकुरणारी. तात्यांनी त्याच घाटात बरीच वर्षं वडापची, सीटमागे भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवली होती. मी आले त्याच्या थोडं आधी ती विकून टाकली होती. "कंटाळा आला," एवढंच सांगायचे. आता गल्लीतल्या गाड्यांचं ऑइल-पाणी बघणं हा त्यांचा फुकटचा उद्योग. तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा, न बोलावता बॉनेट उघडायला लावणारा.

माझा वार सोमवार. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर. पट्टी काढायची, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा घालून काढायची.

"दोन खुणांच्या मधी हाय का?"

"आहे."

मग तेलाचा थेंब बोटांत चोळून ते नाकाशी न्यायचे. "जळका वास न्हाई." त्यानंतर कूलंटची बाटली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पानी', आणि ब्रेक ऑइलची बाटली. "रेघेपतुर हाय?" मी "आहे" म्हटलं की हुकूम सुटायचा, "झाका."

एकदा ब्रेक ऑइल रेघेच्या खाली गेलेलं दिसलं. मी उत्साहाने डबा आणला, तर त्यांनी अडवलं. "आधी गेलं कुटं ते बगायचं, मंग वतायचं. नुसतं वतत बसला तर घाटात कळंल." चारही चाकांशी उकिडवे बसून त्यांनी आतून बोटं फिरवली आणि मागच्या डाव्या चाकाशी थांबले. गॅरेजवाल्याने गळती तिथेच दाखवली.

मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. वर्गात पोरांच्या आधी उत्तर सांगून टाकायची खोड मला आहे. हा माणूस मात्र दर वेळी मलाच बघायला लावायचा. शिकवावं तर असं, हे मी शाळेत चार जणींना सांगितलंही होतं.

एका सोमवारी शाळेत साहेब तपासणीला यायचे होते. मला उशीर झालेला, अंगावर ठेवणीतली साडी. ऑइलची पट्टी कशीबशी पाहिली. "पानी रेघेपतुर हाय?" तात्यांनी विचारलं. मी वाकलेसुद्धा नाही. घड्याळ बघत म्हटलं, "आहे, आहे."

"झाका."

अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे तात्यांनीच शिकवलेलं, म्हणून निदान हात तरी भाजले नाहीत. तासाभराने एका दुधाच्या टेम्पोवाल्याने पाणी दिलं. मी शाळेत पोचले तेव्हा साहेब चहा पिऊन गेले होते.

संध्याकाळी मी तणतणत तात्यांच्या ओट्यावर गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या माझ्याच. "तात्या, बाटली रिकामी होती. तुम्ही बघितली कशी नाही?"

ते ओट्यावरून उठले. "तुमी हाय म्हनला. मी हाय धरलं." आणि चौकट चाचपत आत गेले.

काकू मागोमाग फाटकापर्यंत आल्या. "बाई, त्यांना दिसत न्हाई वो. नुसत्या सावल्या दिसत्यात. डाक्टर म्हनले, आता सुदारनार न्हाई. येका सांजंला जीपम्होरं म्हातारी आली ती पार जवळ आल्यावं दिसली. तिला काय झालं न्हाई, पर दुसऱ्या दिवशी ह्यांनी जीपच इकली. कुनी सांगितलं न्हवतं त्यांना. कुनाला बोलू नगा. लोकांनी गाड्या आनायच्या बंद केल्या तर हा मानूस बसल्या जागी संपंल."

मी घरी येऊन दिवा न लावता बसले. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि मी घाईपायी त्यांना खोटं सांगितलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. ज्या माणसाने परक्यांच्या जिवासाठी हातची जीप सोडली, त्याला मी जाब विचारून आले होते.

पुढच्या सोमवारी तात्या ओट्यावरून उठले नाहीत. मी बॉनेट उघडून हाक मारली. "आता आमचं काय काम, बाई?" ते म्हणाले.

"मला तेलाचा वास कळत नाही, तात्या. जळका आहे की नाही, कोण सांगणार?"

तात्या भिंतीला हात लावत खाली आले. "पर खोटं सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार."

त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक रेघ वाकून पाहिली आणि दिसली तशीच सांगितली. गल्लीत मी कुणाला काही बोलले नाही. गाड्या येत राहिल्या.

तात्या गेले त्याला आता काही महिने झाले. फडकं काकूंनी मला दिलंय. सोमवारी मी पट्टी पुसते, तेल बोटांत चोळून वास घेते. मला अजून त्यातलं फारसं कळत नाही.

परवा पुन्हा उशीर झाला होता. तरी वाकले, बाटली पाहिली. बॉनेटवरचा हात तसाच ठेवून रिकाम्या ओट्याकडे बघत मोठ्याने म्हटलं, "कमी आहे, तात्या. बोटभर." आणि गळती कुठे आहे ते बघायला खाली बसले.