कोपरेकाकांनी काढलेली कडी

सोफे शिवणाऱ्या त्या गृहस्थांना खरं नाव होतं, पण ते फक्त दुकानाच्या पाटीपुरतं. बाकी सगळ्या गावाला ते कोपरेकाका. टेबलाचा, कपाटाचा, पलंगाचा कोपरा दिसला की तिथे कोणाचं तरी डोकं आपटेल असं त्यांना वाटे आणि हात शिवशिवायला लागत. शेजारी चहाला गेले तरी बोलता बोलता टीपॉयची कडा अंगठ्याने चाचपून बघत. चहा कसा होता हे त्यांना कधीच सांगता आलं नाही.

याची सुरुवात त्यांच्या मुलीपासून झाली. ती शाळेत असताना तिला भर वर्गात पहिली फिट आली. बाई घाबरल्या आणि त्यांनी तिच्या दातांत लाकडी पट्टी घातली. पट्टी मोडली, पुढचा एक दात मोडला, आणि शाळेने निरोप पाठवला की पट्टी शाळेची होती. काकांनी निमूटपणे नवी पट्टी नेऊन दिली. घरी आले ते दुकानातला उरलासुरला फोम आणि रेक्झिन घेऊनच, आणि संध्याकाळपर्यंत घरातला एकूण एक कोपरा मढवून मोकळे झाले. काकू म्हणाल्या, “आता माझीच कोपरं तेवढी उघडी राहिलीत. तीही मढवा, म्हणजे मिटलं.”

पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईच्या भावालाही फिट यायच्या. ती येऊन घर बघून गेली आणि काकांना बोलावून नेलं. तिने आणखी एकीला सांगितलं. असं करता करता काका, काकू आणि मुलगी या तिघांचं ते कामच होऊन बसलं. कामाला नाव नव्हतं, कचेरी नव्हती; दुकानाच्या मागच्या खोलीतलं एक बाकडं होतं, त्यावर माणसं येऊन बसत. सुट्टीच्या दिवशी तिघं कोणाच्या तरी घरी जात. काका कोपरे मढवत आणि बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकत, कारण आत पडलेल्या माणसाला कडी काढता येत नाही. कडीऐवजी दाराला ‘आत कोणीतरी आहे’ अशी पाटी लावत. काकू घरच्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगत. मुलगी मात्र ज्याला फिट येतात त्याच्याशीच बोले. तिने एक नियम घालून दिला होता : त्या माणसाला विचारल्याशिवाय घरातल्या खिळ्यालाही हात लावायचा नाही. घर त्याचं, डोकंही त्याचं.

कारखान्यांत आणि शाळांत प्रात्यक्षिकं असत. तिथे पडायचं काम काकांचं. आधी गुडघे, मग खांदा, मग डोकं, अशी त्यांची पडण्याची पद्धत होती आणि तिचा त्यांना मनातून अभिमान होता. एका कारखान्यात तर टाळ्या पडल्या होत्या. मुलगी कधी पडली नाही. कोणी सुचवलं तर म्हणायची, मी फुकट पडत नाही, खरं आलं की पडते.

हीच मुलगी शिकली, छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीला लागली आणि एक दिवस जेवताना म्हणाली की छापखान्याजवळ तिने खोली बघितली आहे. दोन ठिकाणी फिटचं ऐकताच मालकांना अचानक आपला भाचा राहायला येणार असल्याचं आठवलं होतं. म्हणून या तिसऱ्या ठिकाणी तिने ते सांगितलं नव्हतं. काकू जेवायच्या थांबल्या. काका म्हणाले, बरं. त्या रात्री त्यांनी खोलीबद्दल आणखी एक शब्द काढला नाही, यावरूनच काकूंनी ओळखायला हवं होतं.

मुलगी राहायला गेल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी, ती कामावर असताना, काका हत्यारांची पिशवी घेऊन तिथे पोचले. वडील आहेत म्हटल्यावर घरमालकीणबाईंनी किल्ली दिली. काकांनी पलंग मढवला, टेबल मढवलं, खिडकीची चौकट मढवली. मग खोलीबाहेरच्या, जिन्यालगतच्या बोळातल्या बाथरूमची कडी काढून खिशात टाकली. पाटी आणायची ते विसरले होते. उद्या आणू म्हणाले. मुलीने नियम घातल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कोणालाही न विचारता काम केलं होतं, आणि ते बाथरूम सामाईक आहे, एवढं एक त्यांच्या लक्षात आलं नाही.

समोरच्या खोलीत एक कवळ्या बनवणारे गृहस्थ राहत. काका हत्यारं आवरत होते तेवढ्यात ते आंघोळीला गेले. घरमालकीणबाई बादली ठेवायला आल्या आणि त्यांनी दार ढकललं. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही, पण बादली जिन्यावरून खालपर्यंत गेली.

थोड्या वेळाने मुलगी कामावरून परतली तेव्हा बोळात तिघं उभी होती. घरमालकीणबाई, पंचा गुंडाळलेले कवळीवाले, आणि खिशात कडी असलेले तिचे वडील.

“कडी गंजली होती,” काका सांगत होते. गावोगाव जाऊन ‘लपवू नका’ असं लोकांना सांगणारा माणूस; खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मागच्याच महिन्यात बसवलेली नवी कडी आहे ती,” बाई म्हणाल्या. “आणि पलंगाला गाद्या कशाला बांधल्यात? माझ्या घरात नक्की चाललंय काय?”

मुलीने वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. तिने खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली.

“मला फिट येतात,” ती म्हणाली. “आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही खोली दिली नसती.”

“नसतीच दिली,” बाई म्हणाल्या.

काकांना कळून चुकलं की पोरीची खोली आपल्या हाताने गेली. चूक सावरायची तर आपल्याला येतं ते एकच, म्हणून ते घसा साफ करून म्हणाले की घाबरण्यासारखं यात काही नाही, मी दाखवतो, आणि गुडघे वाकवायला लागले.

“तुम्ही नको, बाबा,” मुलगी म्हणाली. “इथे राहायचंय मला.”

आणि ती स्वतःच खाली बसली, मग कुशीवर कलंडली आणि त्या ओल्या बोळात सरळ आडवी झाली. घरमालकीणबाईंनी आ वासला.

“अशी पडेन,” ती खालून म्हणाली. “हातपाय झटकेन. मला धरून ठेवायचं नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. करून बघा.”

बाईंनी अंगावरची शाल काढली, तिची घडी केली, मोडली, पुन्हा केली आणि डोक्याखाली सरकवली. कवळीवाले एका हाताने पंचा सावरत वाकले.

“पण दातांचं काय?” त्यांनी विचारलं. “दात आवळले जातात ना? मध्ये एखादा चमचा—”

“तोंडात काहीही घालायचं नाही,” मुलगी आणि काका एकदमच म्हणाले.

“नाही, मी आपलं धंद्याच्या दृष्टीने विचारलं,” कवळीवाले म्हणाले.

बाईंनी तिला कुशीवर वळवलं. वरचा गुडघा पुढे घ्यायचा तो मागेच राहिला. काकांचा हात पुढे झाला, अर्ध्यात थांबला आणि पाठीमागे गेला. इतकी वर्षं लोकांना शिकवताना त्यांना एवढं जड काही गेलं नव्हतं. मुलीनेच डोळे मिटून सांगितलं, “गुडघा पुढे.” बाईंनी गुडघा पुढे घेतला.

“आणि मग?”

“मग शेजारी बसायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर अँब्युलन्स बोलवायची. शुद्धीवर आले की मी जराशी चिडलेली असते, ते मनावर घ्यायचं नाही.”

“मी कायमच चिडलेली असते,” बाई म्हणाल्या. त्या तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि उठायची घाई त्यांनी केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या की पलंगाला बांधलेलं ते सगळं आधी काढा, खोली दवाखान्यासारखी दिसते; आणि दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवून द्या. अशी कडी मिळते, एवढंही तुम्हाला ठाऊक नाही का?

काकांना ठाऊक होतं. फक्त अशा कडीला साध्या कडीपेक्षा जास्त स्क्रू लागतात, म्हणून ते ती टाळत. त्यांनी मुलीकडे बघून विचारलं, “पलंगाचं काढू का?”

“खिडकीचं राहू द्या,” ती म्हणाली. “बाकीचं काढा.”

घरी पोचायला उशीर झाला. काकू दारातच उभ्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा काका चपला काढत होते.

“पडली,” ते म्हणाले.

काकूंनी चौकट धरली.

“अगं, तसं नाही. दाखवायला पडली, मालकीणबाईंना. खोली राहिली तिची.” काका आत येऊन बसले. मग म्हणाले, “माझ्यापेक्षा चांगलं पडते ती.”

काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “पडणारच. तुमचं मेलं नाटकच असायचं.”