अज्ञान पालनकर्ता आई

वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, बहीण सात. बार्शीटाकळीजवळ आमचं सहा एकर वावर होतं. अर्धं काकांचं, अर्धं वडलांचं. विहिरीवरची मोटर चालू करताना वडलांना शॉक लागला आणि ते जागच्या जागी गेले. वारसांची नोंद झाली, तशी काकांनी आईला तालुक्याला नेऊन तिच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र करून घेतलं. आमच्याही हिश्शाचं तेव्हाच उरकायचं होतं, पण अर्जनवीस म्हणाला की पोरी लहान आहेत. कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांच्या वाट्याला आईसुद्धा हात लावू शकत नाही. अठरा पूर्ण होऊ द्या, मग त्यांच्याच सह्या घ्या.

काका थांबले.

सातबाऱ्यावर आमची दोघींची नावं होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘अज्ञान पालनकर्ता आई’. शाळेच्या कुठल्याशा कामासाठी तो उतारा लागला तेव्हा मी पहिल्यांदा वाचला. वर्गात मी पहिली यायचे. सरांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, वय कमी म्हणून तसं लिहितात, अकलेशी त्याचा संबंध नाही.

काकूने आम्हाला कधी जवळ केलं नाही. तिच्या मुलांना दूध, आम्हाला कोरा चहा. एकदा बहिणीच्या हातून भाकर करपली, म्हणून तिने तापलेलं उलथनं तिच्या मनगटावर टेकवलं. त्या दिवशी काका काकूवर ओरडले.

“पोरीइच्या अंगाले हात लावू नको. तीन वर्षं रायली आता.”

मला वाटलं, काका आमच्या बाजूचे आहेत. तीन वर्षं कशाची, ते मी विचारलं नाही. लग्नाची असतील, असं धरून चालले.

मी अठराची झाले त्या दिवशी काकांनी अकोल्याहून केक आणला. वर माझं नाव होतं. आमच्या घरात तोवर कोणाचाच वाढदिवस झाला नव्हता. पहिला घास काकांनी स्वतः मला भरवला आणि सांगितलं की उद्या तालुक्याला जायचं, तुझ्या नावापुढचं ते ‘अज्ञान’ काढून टाकू. काकूने नवा ड्रेस दिला. मी खूश होते. आई चुलीपुढे बसून होती, तिने केक खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री कार्यालयात बाकावर बसून मी कागद वाचला. बारावी झालेली होते, वाचता येत होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मी माझा हिस्सा कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने काकांच्या नावे सोडत आहे. मला समजलं. समजलं नाही असं मी आजवर अनेकांना सांगितलं, ते खरं नाही.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याजवळ सरकली.

“कर सही. तुई बहीण आन् मी त्याच्याच घरात राहून राह्यलो ना.”

साहेबांनी विचारलं, राजीखुशीने करता ना? मी हो म्हटलं. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. नावापुढचं ‘अज्ञान’ निघालं नाही, अख्खं नावच निघालं.

अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा राहिला होता. काका म्हणाले, आता काय करायचं शिकून. केकला चार महिने होत नाहीत तोच माझं लग्न लावून दिलं. अमरावतीतच. नवरा कापडाच्या दुकानात कामाला, माणूस चांगला निघाला. पण मी निवडलेला नव्हता.

बहीण तेव्हा चौदाची. तिची अजून चार वर्षं होती, म्हणून तिला सायकल मिळाली, ट्यूशन लागली, काकू तिच्या ताटात तूप वाढू लागली. तिचा अठरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मी फोन करून तिला सगळं सांगितलं. दुसरं पान नीट वाच, असं सांगितलं.

तिने विचारलं, मग तू का केली सही?

तुमच्यासाठी, असं मी म्हणाले.

साहेबांनी राजीखुशीचं विचारलं तेव्हा तिने सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हटलं. संध्याकाळच्या आत काकांनी आईची पेटी आणि बहिणीची पुस्तकं अंगणात आणून ठेवली. बहीण मैत्रिणीकडे गेली. आई दोन दिवस काकांच्या उंबऱ्याशी बसून राहिली. दार उघडलं नाही, तेव्हा माझ्याकडे आली. घरात पाऊल टाकताच म्हणाली, “तुया तोंडापायी मायं घर गेलं.” तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. काकांना शिव्या दिलेल्या तिला अजून चालत नाहीत.

बहीण कोर्टात गेली आणि तीन वर्षांनी तिचा एक एकर वेगळा झाला. काकांनी विहिरीचं पाणी बंद केलं, तिने बोअर मारला. आता झेंडू आणि पालेभाज्या लावते, अकोल्याच्या बाजारात स्वतः विकते.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले. नवऱ्याचं दुकान बंद पडलं होतं. ती बांधावर बसून पालकाच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, अर्धा एकर मला दे, मी येऊन कसते. तुला माझ्यामुळेच कळलं होतं.

तिने हातातली जुडी पूर्ण बांधली, खाली ठेवली. मनगटावरचा डाग आता फिका झाला होता.

“ताई, तू तं सज्ञान होती,” ती म्हणाली. “वाचून सही केली तू.”

मग तिने मला दोन जुड्या पालक दिला आणि बसपर्यंत सोडायला आली.

घरी आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, भेटली नाही.

आई पालक निवडायला बसली. वर न पाहता म्हणाली, “देत नसते ते. म्याही नसतं देलं.”