रिझा मास्तरांचं क्रियापद

वहीत एक इंग्रजी क्रियापद उतरल्याशिवाय रिझा मास्तर चहाला हात लावत नसत. पुंगोलला आमच्या इमारतीखाली मोकळ्या जागेत दगडी टेबल आहे. त्यावर पिशवीत बांधून आणलेला चहा निवत पडायचा आणि मास्तर लिहीत बसायचे. आधी शब्द, मग अर्थ, मग तो कुठून आला ते, आणि खाली तुर्कीत त्याला काय काय म्हणतात ते. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून मला विचारायचे, "आबी, तुमच्याकडे?"

आबी म्हणजे तुर्कीत थोरला भाऊ. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा.

मी चौथी शिकलेला गवंडी, साताऱ्याकडचा. मुलगा इथे परदेशात बँकेत, म्हणून आम्ही नवरा-बायको इथे आलो. मास्तर इझमिरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची लेक इथल्या विद्यापीठात संशोधन करायची. गेल्या वर्षी तिचं काम संपलं आणि दोघं परत गेली. माझं इंग्रजी मोडकं, पण त्यांच्या तुर्कीतले साबण, दुकान, हवा हे शब्द आमच्यासारखेच निघाले. उरलेलं हातवाऱ्यांवर भागायचं.

या वयात हा अभ्यास कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं पोरांकडून अर्थ पाठ करून घेतले, नाही आले तर कान पिळले. पण शब्द आला कुठून, हे मलाच ठाऊक नव्हतं. आता त्या कानांची लाज वाटते. बरं, क्रियापदंच का? "नाम नुसतं बसून असतं, आबी. क्रियापद कामाला जातं." हे मला पटलं. मी आयुष्यभर कामालाच गेलो.

मास्तर इथे असतानाच आमची ही वारली. आजारपण आठ दिवसांचं. सगळं इथेच उरकलं. मी वेळेवर जेवत होतो, झोपत होतो, डोळ्यातून टिपूस नाही. मुलगा म्हणायचा, बाबा, आईबद्दल काहीतरी बोला. मी भिंतीकडे बघायचो. तोंड उघडलं नाही तर ती माझ्यातूनही निघून जाईल, एवढं कळत होतं. पण तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर दारात आले. हातात झाकलेलं ताट. झाकण काढलं तर शिरा. लोणी सुटलेला, वर कसल्यातरी बिया. सूनबाई दोन पावलं मागे सरकली. सुतकात घरात फोडणीसुद्धा नव्हती. माझं डोकं फिरलं. म्हणालो, आमच्यात हे पूजेला करतात, पोर झालं की करतात. माझी बायको मेली म्हणून तोंड गोड करता काय? घेऊन जा. आणि दार लावलं. 

तेरावा झाल्यावर मी खाली उतरलो. मास्तर टेबलाशी होते. चहा निवलेला. मी बसलो, तर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मला काय वाचता येणार? त्यांनीच सांगितलं. शब्द 'ग्रीव्ह'. म्हणजे गेलेल्या माणसाचं दुःख करणं. निघाला लॅटिनमधल्या 'जड' या शब्दातून. आधी त्याचा अर्थ दुसऱ्यावर ओझं टाकणं, त्याला पिडणं असा होता. आपलं आपण वाहणं हा अर्थ मागाहून आला. तुर्कीत 'यास तुतमाक', दुःख हातात धरणं. 'आजी चेकमेक', दुःख ओढणं.

धरणं आणि ओढणं ही माझ्या ओळखीची कामं.

"आबी, तुमच्याकडे?"

"आम्ही दुखवटा पाळतो. तेरा दिवस."

"आणि चौदाव्या दिवशी?"

मी वही त्यांच्याकडे परत फिरवली. मग त्यांनी त्या ताटाचं सांगितलं. त्यांच्याकडे माणूस गेलं की घरात रवा भाजतात. आळीपाळीने सगळे चमचा धरतात, गेलेल्याचं नाव घेतात, त्याच्याबद्दल बोलतात. वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणे. लेक कामावर होती, म्हणून मास्तरांनी एकट्यानेच भाजला.

"पण नाव कुठे होतं माझ्याकडे? तीन वर्षं तुम्ही 'मिसेस' म्हणत होतात. मी चमच्याला काय सांगणार, आबीची मिसेस?"

आमच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारत नसत. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर सत्तेचाळीस वर्षं निघाली. लग्नात बायका हटून बसल्या तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच.

मास्तर उठले आणि मला त्यांच्या फ्लॅटवर घेऊन गेले. कढईत लोणी टाकलं, रवा टाकला, लाकडी चमचा माझ्या हातात दिला. मी ढवळत राहिलो. रव्याचा रंग बदलायला लागला.

"नाव घ्या," मास्तर म्हणाले.

"शेवंता," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू येईना. पुन्हा म्हणालो. मग सांगायला लागलो. साईटवर माझ्या डोक्यावरची पाटी ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. चिडली की दोन दिवस भाकरी करपवायची. इथे आल्यावर लिफ्टला घाबरायची, माझी बाही धरायची. मराठीतच सांगत होतो. मास्तरांना काय कळत होतं कुणास ठाऊक. ते मान हलवत होते. रवा करपायला आला, धूर निघाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं. मास्तरांनी त्यांच्या पाळीसाठी हात पुढे केला.

मी चमचा दिला नाही.