रडण्यातला शब्द

शालूबाईंचं मोबाईलशी वाकडं मुळीच नव्हतं. नरसीजवळच्या त्यांच्या वाडीत हळदीचा भाव सगळ्यांत आधी त्यांना कळायचा. किराणा दुकानात त्या स्वतः स्कॅन करून पैसे टाकायच्या आणि पुण्यातल्या लेकाला व्हिडिओ कॉलवर वांग्याचं कालवण दाखवून जळवायच्या. मतं मात्र ठाम होती. आलेलं न वाचता पुढं ढकलणारा माणूस म्हणजे शिळं वाढणारी बाई. ग्रुपवर रोज 'शुभ सकाळ' टाकणारा दीर दारावरून जाताना मान वर करत नाही, तर ती सकाळ कुणासाठी? "इळा घरात लागतोच," त्या म्हणायच्या, "पन तो घिऊन कोनी मयतीला जात न्हाई."

फाल्गुनात त्यांची थोरली बहीण शकुंतलाअक्का गेली. त्यांच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं तिचं सासर. शालूबाई जीपमधून उतरल्या आणि शिवेपासूनच त्यांनी हेल काढला. तिकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, शब्द लावून रडतात. गेलेल्या माणसाशी बोलतात, त्याचे हाल सुरात सांगतात. ओसरीवरचे पुरुष खाली मान घालून ऐकतात. लागायचं त्याला लागतं, पण उलट कुणी बोलत नाही, आणि माती आटोपून माणसं परतली की तो शब्द पुन्हा कुणी काढत नाही. म्हणून तर बाईला तिथं खरं बोलता येतं.

"अक्का गं, तीन दिवस छातीत कळा काढल्यास," शालूबाई रडल्या. "हळद शिजवायला सवड व्हती गं, तुझ्या दवाखान्याला न्हवती."

हे अक्कानंच त्यांना फोनवर सांगितलं होतं. तिचे मालक सोमेश्वरराव खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. विषय तिथंच संपायचा होता.

पाचव्या दिवशी शेजारच्या मिनानं फोन पुढं धरला. त्यात शालूबाई ऊर बडवत होत्या आणि मागं कुठलीशी बासरी वाजत होती. सत्तर हजार लोकांनी बघितलं होतं. टाकणारा होता बालाजी, त्यांचा पुतण्या. तिशीचा माणूस, 'आपली माती' नावाचं पेज चालवायचा. त्या दिवशी जीपमध्ये शेजारीच बसून आला होता.

शालूबाई तशाच मिनाचा फोन घेऊन त्याच्या दारात गेल्या.

"काहून टाकलंस?"

"कला हाय ती, काकू. पुन्याचे लोक बघून रडून राहिले."

"मंग हे हसरे तोंडं कोनाचे?"

"थोडे असतेतच तसे."

"अन् हा अंगठा?"

"त्याला लाईक म्हन्तेत. चांगलं असते ते."

"आसं व्हय? मंग तुझ्या मायला सांग, मी मेल्यावर रडू नको, अंगठा दाखव."

बालाजीनं पेजवरून व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर दुसऱ्या चार पेजांनी तो उचलला होता. "आता माझ्या हातात न्हाई, काकू."

"आधी तर तुझ्याच हातात व्हतं."

मग सोमेश्वररावांचा फोन आला. आवाज थंड होता. "बाई, दहा गावांत तोंड काढायला जागा ऱ्हायली न्हाई. तेरवीला या. त्याच फोनसमोर बसा अन् सांगा, दुःखात बोलले, तसं काही न्हवतं. न्हाई तर प्रतिक्षा तुमच्या दारात येनार न्हाई."

प्रतिक्षा म्हणजे अक्काची एकुलती लेक. बारावीची परीक्षा देत होती.

शालूबाईंना राग आला तो सोमेश्वररावांचा नव्हे. त्या माणसानं ओसरीवर रिवाज पाळला होता. ज्या शब्दाचा आजवर कुणी जाब विचारला नाही, त्याचा खुलासा आपल्याला आता सत्तर हजार परक्यांपुढं करायचा होता, याची चीड होती. रात्रंदिवस ती चीड जात्यासारखी फिरत राहिली. शेवटी त्यांनी ठरवलं, खोटं बोलायचं. पोरीपेक्षा खरं मोठं नाही.

तेरवीला पंगती उठल्यावर मधल्या खोलीत बालाजीनं स्टँडवर फोन लावला. "दोन मिनटं लागतील," सोमेश्वरराव म्हणाले. शालूबाईंनी पदर सारखा केला.

कोपऱ्यातून प्रतिक्षानं विचारलं, "मावशी, आई तुला फोनवर खरंच तसं म्हनली व्हती का?"

शालूबाईंनी पोरीकडं पाहिलं. सत्तर हजारांशी खोटं बोलायची त्यांची तयारी होती. हिच्याशी नव्हती.

"बालाजी, फोन खिशात घाल."

त्यानं घातला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हनली व्हती."

प्रतिक्षा जमिनीकडं बघत म्हणाली, "मलाबी म्हनली व्हती. छातीत दुखून राह्यलं म्हनं. माझा फिजिक्सचा पेपर व्हता. म्या पुस्तकातून मानबी वर केली न्हाई, मावशी."

शालूबाईंनी पोरीला कुशीत ओढलं, आणि तेरा दिवस कोरडी राहिलेली ती पोरगी रडायला लागली. सूर नव्हता, हेल नव्हता. शब्द मात्र होते, आणि ते थेट आईला होते.

"तुमी दोघं बाहीर जा," शालूबाई म्हणाल्या.

बालाजी गेला. सोमेश्वरराव उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबले.

"आन् दाजी, सांजच्या जीपमदी दोन जागा धरायला सांगा. पोरीचे पेपर झालेत. आठ दिवस ऱ्हाईल माझ्याकडं."

सोमेश्वररावांनी दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं त्यांचा अंगणातून आवाज आला. जीपवाल्याला ते विचारत होते, पुढच्या सीटवर बायामानसाला जागा हाय का.