गच्चीवरची डिश मी काढली नाही

मंडळी, आज सकाळी चक्क सोसायटीच्या सेक्रेटरींशी भांडले.

माझी आई वसईच्या गावातली, आमच्या बोलीतली लग्नाची गाणी म्हणणारी. आज अकरा वाजता एका फ्री चॅनलवर ती गाणार होती. केबलवाला ते चॅनल दाखवत नाही, म्हणून मी आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगच्या गच्चीवर डिश लावली आणि कॉम्प्युटरमध्ये डिशचा सिग्नल रेकॉर्ड करणारं सॅटेलाइट कार्ड बसवलं.

पावणेअकराला सेक्रेटरी दारात हजर. “डिश काढा. केबलवाला म्हणतो, ही चोरी आहे.”

“चोरी कसली, काका? या चॅनलच्या सिग्नलला कुलूपच नाही, तो सगळ्यांसाठी आहे. मी काढणार नाही.”

अकराला आईचं गाणं जसं आलं, अगदी तसंच हार्ड डिस्कवर उतरलं.

दुपारी डिश काढण्याची सोसायटीची नोटीस आली. मी लेखी उत्तर दिलं, “नाही.”

आपल्या बोलीतली गाणी जपायला तुम्ही कुणाची परवानगी घेता?